डोहातली थोरली

"मग पाप कुणाला लागलं, बाबा? मला, की त्या हौशी गळवाल्यांना?"

अलोणीबाबांनी मान वर केली नाही. डोहाच्या काठावर बसून ते चुरमुऱ्यांतले खडे निवडत होते.

विचारणारा श्रीरंग घोलप माशांच्या विणीचा अभ्यासक. एरवी तो यायचा तोच वाद घालायला. चुरमुरे टाकून मासे वाचत नाहीत, त्यांची अंडी कधी पिकतात हे कळलं तर वाचतात, असं बाबांना ऐकवायचा. आज मात्र स्वारीचं तोंड एवढंसं झालं होतं.

हौसेने गळ टाकणाऱ्यांच्या मंडळाने त्यालाच विचारलं होतं, मासेमारी कधीपासून बंद ठेवायची? आजवर ते श्रावणापासून ठेवायचे. श्रीरंगला तो उशीर वाटत होता. पण खात्री करायची तर मादीचं पोट फाडून बघावं लागतं, आणि लहान माद्यांवरून नक्की काही सांगता येईना. मग ज्येष्ठातल्या एका सकाळी त्याच्या जाळ्यात थोरली आली. या डोहातली सगळ्यात जुनी मासळी, सोनेरी खवल्यांची. सोडता आली असती. अशी मादी पुन्हा मिळायची नाही, या हावेपायी त्याने सोडली नाही.

पोट पिकल्या अंड्यांनी गच्च भरलेलं होतं...

"म्हणजे तुझंच खरं निघालं," बाबा म्हणाले.

"निघालं. बंदी ज्येष्ठाच्या आधीच हवी."

"मंडळाला सांगितलंस?"

"कुठल्या तोंडानं सांगू, बाबा? तिची सगळी वीण माझ्या सुरीखाली गेली."

बाबांनी ओंजळभर चुरमुरे पाण्यावर भिरकावले. धाकटे मासे आले, काठाकाठानेच टिपत राहिले. मधले चुरमुरे तसेच तरंगत होते. तिथे थोरली यायची. तिच्या जागी जायला अजून कुणी धजत नव्हतं.

श्रीरंगला रडू आवरेना. हे शास्त्र आता नकोच, म्हणाला. जाळं, सुरी, सगळं सोडतो. मंडळाने आपलं आपण बघावं.

बाबांनी उरलेले चुरमुरे बाजूला ठेवले.

"सोड बाळा," ते म्हणाले. "पण मग तिला मारलंस कशासाठी?"