धुक्यातली कड

मंडळी, एक सांगा. दाट धुक्यात विश्वास कोणावर ठेवाल? ‘दिसतंय’ म्हणणाऱ्यावर, की ‘दिसत नाही’ म्हणणाऱ्यावर? आम्हा व्यापाऱ्यांना हे रोजच ठरवावं लागतं, म्हणून विचारलं.

एका खाडीकाठच्या गावात धाकोजी शेट नावाचा गलबतवाला राहत होता. बाळंतीण लेकीला आणि नातवाला तो गलबतातून घरी आणत होता. उजाडता उजाडता धुकं उतरलं. पाणी कुठे संपलं, आभाळ कुठे लागलं, कळेना. गलबत जणू दुधावरून तरंगत होतं. बाळ झोपेत हसत होतं. आणि खाडीच्या तोंडाशी खडक होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढच्या टोकावर दोन खलाशी उभे होते, अर्जोजी आणि सुभाना.

शेट म्हणाला, “बंदर आधी दाखवील त्याला माझा जरीचा फेटा!”

अर्जोजीने मशाल उंच धरली. समोर धुकं लख्ख उजळलं. “ते बघा शेट, उजेड! बंदरच ते. आणा फेटा!”

सुभाना म्हणाला, “मला तर बंदर दिसत नाही. आधी मशाल विझवा.”

“डोळे घरी ठेवून आलास काय रे?” अर्जोजी हसला.

शेटने झोपलेल्या नातवाकडे पाहिलं. फेटा समोर असून जो ‘नाही’ म्हणतो, त्याचं ऐकावं, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने मशाल पाण्यात बुडवली. अर्जोजीचं बंदर मशालीबरोबरच विझलं.

सुभाना म्हणाला, “किती उजळ, किती काळं, ते सोडा. शेजारच्या शेजारी रंग कुठे पालटतो ते बघायचं. हळूहळू पालटला तर धुकं. एकदम पालटला तर खडकाची कड.” मग तो गुणगुणल्यासारखा सांगत राहिला, “फिकं… तसंच फिकं… जरा सावळं… तसंच… एकदम काळं! कड! रंग डावीकडून उजवीकडे पालटतोय, डावीकडे फिकं पाणी, उजवीकडे काळा खडक, म्हणजे कड आपल्या बरोबरीने सरळ पुढे गेलीय. उजवीकडे वळू नका, तिच्या बाजूबाजूने चला!”

हात लावता येईल इतक्या जवळून ओला, काळा खडक मागे सरकला. बाळाची झोपही मोडली नाही.

शेट फेटा घेऊन पुढे आला. सुभाना मागे सरला. “थांबा शेट. बंदर अजून दिसलेलं नाही.”

तात्पर्य: नुसत्या उजेडाला भुलू नये, फरक कुठे पडतो ते पाहावं, आणि दिसलं तेवढंच सांगावं. तेव्हा मंडळी, एवढी विनंती ऐका, आपापला हिशेबही असाच चोख ठेवा.