भंडारा लावलेली नाकं

"पण बुवा, माझीच वाट का अडवता?"

मायाप्पा ओरडत होता. बिरोबाच्या माळाच्या पायथ्याशी, ऐन यात्रेत, आपल्या कळपापुढं उभा राहून.

यात्रेला मेंढरांचे कळप माळावरच्या देवळाभोवती फेरा घालतात. पहिला फेरा मायाप्पाच्या घराण्याचा. तेवढ्या एका फेऱ्यावर हा गडी वर्षभर छाती फुगवून चालायचा. यात्रा जवळ आली की मिशाही फुगायच्या.

वाटेत काठी आडवी धरून उभे होते खेलोबाबुवा. देवाचे पुजारी, मायाप्पाचे गुरू. बुवांना चिलीम पेटवायला काडी लागत नाही, नुसतं रागानं बघितलं तरी पेटते, असं लोक म्हणत. अर्थात लांब उभं राहून म्हणत.

बुवांनी पुढची मेंढी कानाला धरली.

"भंडारा पाठीवर उधळतात. नाकाला कोण फासतं रं?"

"भक्ती हाय, बुवा."

बुवांनी अंगठ्यानं नाकावरची ती हळद पुसली. खालून घट्ट शेंबूड आला. जबडा उघडला तर हिरड्यांवर फोड. शेपटीखाली सगळं पातळ.

"तुझी भक्ती गळतीया, मायाप्पा."

...

"कधीपासनं हे?"

"बाजारातनं नवा मेंढा आणला, त्याच्यामागनं."

"वेगळा बांधला व्हतास?"

"मानाच्या कळपातला मेंढा वेगळा बांधू? लोक हसतील की!"

"आन् पावसाआधी डॉक्टर लस टोचाय आला, तवा?"

मायाप्पानं मान ताठ केली. "देवाची मेंढरं सुईला शिवत न्हाईत. तुमचाच चेला हाय मी."

झालं. बुवा पेटले.

"माझा? कवा शिकवलं मी तुला हे? माझी मेंढरं सगळ्यांच्या आधी उभी व्हती लस टोचायला! बुळकांडीची साथ हाय ही, गाढवा! वर म्हाताऱ्या तुळसाबाईची कोकरं हायत. लस टोचायच्या वयाचीबी न्हाईत अजून. तुझा फेरा झाला की त्याच वाटंनं ती चालणार, त्याच डोणीत पाणी पिणार. म्हातारीचा मेंढवाडा रिकामा करशील!"

"मग परत जाऊ? आन् पहिला फेरा त्या दुसऱ्या मानाच्या धुळाप्पानं घालायचा? त्यापरीस माझा कळप मेलेला बरा!"

"तुझा मरंल रं. तुळसाबाईनं काय घोडं मारलंय तुझं?"

मायाप्पानं एकदा वर कोकरांकडं बघितलं. पण हट्ट सुटतोय थोडाच.

वर ढोल सुरू झाले. लोक बुवांच्या नावानं हाका मारायला लागले. बुवांशिवाय पूजा नाही, पूजेशिवाय फेरा नाही.

"बुवा, घराण्यात खंड पडला न्हाई कधी. फेरा झालाच पायजे." आता मायाप्पाच्या डोळ्यांत पाणी होतं.

बुवांनी काठी फेकली. पायताण काढलं. आणि निघाले.

मायाप्पाच्याच कळपाभोवती.

एकेका आजारी मेंढीपाशी थांबले. धोतराच्या सोग्यानं नाकं पुसली. डोळ्यांची घाण काढली. तोंडानं शिव्यांची लाखोली चालूच. मेंढ्या मात्र अंग सैल सोडून उभ्या. जनावराला शिवी कळत नाही, हात कळतो.

फेरा पुरा झाला. बुवांनी माळाकडं तोंड करून आरोळी ठोकली.

"ए धुळाप्पा! डॉक्टरला बोलाव! खाली कुणी यायचं न्हाई! सगळे कळप पलीकडच्या अंगानं उतरवा. औंदा फेरे बंद!"

आणि तिथंच, लेंड्यांत, मेंढरांच्या मधोमध फतकल मारून बसले.

मायाप्पा घाबरला. "बुवा, उठा... वर चला. पूजा खोळंबलीया."

"हे हात घिऊन? हे धोतर घिऊन? कोकरांतनं जाऊ?"

"पण माझ्यापायी तुमी कशाला..."

"चेला कुणाचा म्हणालास तू?"

...

मायाप्पानं डोक्याचं मुंडासं सोडलं. मानाचं, आजच बांधलेलं. एक मेंढी खोकत होती, तिच्यापुढं गुडघे टेकले आणि मुंडाशानं तिचं नाक पुसलं.

वरचे ढोल थांबले. कळप दुसऱ्या बाजूनं उतरायला लागले. माळ ओस पडत गेला.

"बुवा..."

"काय?"

"वर देव एकटा राहिला."

"ऱ्हाऊ दे," बुवा खेकसले. "त्यो आजारी न्हाई."