बंदिशाळेतून घरापर्यंतची वाट

ऐका मुलांनो, आणि थोरांनीही जरा जवळ सरकून बसा. खूप खूप वर्षांपूर्वी एका राज्यात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात हैबती नावाचा तरुण राहत असे. अंगानं धडधाकट, पण कष्टाचा त्याला मोठा कंटाळा.

एका वर्षी ऐन पेरणीच्या तोंडावर त्यानं म्हाळसाबाईची बैलजोडी चोरली आणि लांबच्या बाजारात विकून टाकली. म्हाळसाबाई एकटी बाई, नवरा वारलेला, लेक सासरी. बैल गेले तसं तिचं शेत त्या वर्षी पडीक राहिलं. दुसऱ्यांच्या बांधावर निंदणी करून तिनं कसंबसं वर्ष काढलं.

हैबती पकडला गेला. राजानं त्याला काही वर्षांची कैद सुनावली, आणि शिपायांनी त्याला डोंगरावरच्या बंदिशाळेत नेलं.

बंदिशाळेचा नाईक शिस्तीचा कडक होता, पण मनानं कोरडा नव्हता. त्यानं हैबतीला गोठ्याच्या कामाला लावलं. तिथं एक म्हातारा कैदी आजारी गुरांवर औषधपाणी करायचा. त्याच्या हाताखाली हैबती शिकला. खुरातली जखम कशी धुवायची, पोट फुगलेल्या बैलाला काय पाजायचं, बुजऱ्या कालवडीजवळ कसं जायचं. गुरांचा लळा लागला, तसा एक दिवस तो नाईकाला म्हणाला, "नाईक, मी बैल नेले तेव्हा त्या बाईचा मी विचारच केला नव्हता. आता रोज येतो मनात."

शिक्षा संपली. हैबती आनंदानं डोंगर उतरला.

पण गावात पाऊल टाकताच आया आपल्या मुलांना घरात बोलावू लागल्या. न्हाव्यानं त्याची दाढी करायला नकार दिला. तो कामासाठी दारोदार फिरला.

"आमच्याकडे काम नाही," एक जण म्हणाला.

"आणि असलं तरी चोराला नाही," दुसऱ्यानं जोड दिली.

काही दिवस त्यानं रानातल्या फळांवर काढले. मग एका सकाळी तो पुन्हा डोंगर चढला आणि बंदिशाळेच्या दारात जाऊन उभा राहिला.

"नाईक, मला परत आत घ्या."

"का रे? काय गुन्हा केलास?"

"काहीच नाही."

"मग तुला आत घेण्याचा मला अधिकार नाही."

हैबतीचे डोळे भरून आले. "इथं मला सगळे हैबती म्हणतात. खाली माझं नावच चोर झालंय. असंच चाललं, तर एक दिवस मी खरंच पुन्हा चोरी करीन. त्याचीच भीती वाटते."

नाईकानं पायांत वहाणा घातल्या आणि म्हणाला, "चल. मी येतो तुझ्याबरोबर."

दोघं गावात आले. पारावर माणसं जमली. म्हाळसाबाईही येऊन एका कडेला उभी राहिली.

पाटील म्हणाले, "नाईक, रागावू नका. पण कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं म्हणून सरळ होतं का?"

"पाटील, राजानं दिलेली शिक्षा ह्यानं भोगली," नाईक म्हणाला. "आता तुम्ही देताय, ती किती वर्षांची, तेवढं सांगा. म्हणजे ह्यालाही कळेल."



हैबती म्हाळसाबाईसमोर जाऊन हात जोडून म्हणाला, "काकी, तुमचं ते वर्ष मला परत आणता येत नाही. माझे हात मात्र तुमच्या कामाला घ्या."

"माफ केलं, असं मी म्हणणार नाही," म्हाळसाबाई म्हणाली. "ते वर्ष मी विसरले नाही. पण तुला उपाशी ठेवून माझे बैल काही गोठ्यात येत नाहीत. उद्या सकाळी ये. नांगरट राहिलीय."

दुसऱ्या दिवशी हैबती नांगर धरून राबला आणि म्हाळसाबाई उन्हात बांधावर बसून राहिली. तिची नजर आपल्या नव्या बैलांवरून हलली नाही. असे बरेच दिवस गेले. हळूहळू ती बांधावर बसेनाशी झाली. मग तिच्या फडक्यात त्याच्याही वाटणीची भाकरी येऊ लागली.

पुढे लेकीचं बाळंतपण आलं. तिकडे जायला निघताना तिनं साऱ्या शेजाऱ्यांदेखत बैलांची दावी हैबतीच्या हातात दिली.

"अगं, तुला वेड लागलंय का?" शेजारीण ओरडली.

"लागू दे," म्हाळसाबाई म्हणाली आणि चालू लागली.

महिन्याभरानं नातवाचं तोंड पाहून ती परतली. गोठा स्वच्छ होता. बैल तुकतुकीत झाले होते. ती निघाली तेव्हा लंगडत असलेली गाय चारही पायांवर नीट उभी होती. म्हाळसाबाईनं एकेका जनावराच्या पाठीवरून हात फिरवला आणि वळून म्हणाली, "हैबती, जेवलास का रे?"

इतक्या वर्षांत आपल्याला कुणी हे विचारलं नव्हतं, हे आठवून हैबती पोरासारखा रडला.

त्यानंतर लोक आजारी गुरं घेऊन त्याच्या दाराशी येऊ लागले. सर्वांत आधी आले ते पाटील, आपली आटलेली म्हैस ओढत.

काही काळानं त्याच गावच्या कुंभाराच्या मुलानं भांडणात एकाचं डोकं फोडलं. त्यालाही शिक्षा झाली. तो सुटला त्या सकाळी हैबती गाडी जुंपून बंदिशाळेपाशी गेला. गाडीत कुंभारीण होती आणि तिच्या शेजारी पाटील. त्यांना पाहून तो मुलगा मान खाली घालून उभाच राहिला.

"उभा का? चढ," हैबती म्हणाला. "आई सकाळपासून उपाशी बसलीय तुझ्यासाठी."

गाडी गावाकडे निघाली. तो मुलगा गावात रमला, संसाराला लागला. आणि त्या गावातून आलेला कैदी दुसऱ्यांदा कधी गुन्हा करून आपल्या दारात आला नाही, असं नाईक म्हातारपणी मोठ्या समाधानानं सांगत असे.

म्हणून सांगतो, मनात जपून ठेवा: बेडी राजाच्या हुकमानं तुटते, पण चुकलेल्याचा पुन्हा माणूस होतो तो गावानं दार उघडल्यावरच.