एसीची आंघोळ

फार जुनी नव्हे, मागच्या श्रावणातलीच ही कहाणी. अनसूयाबाईंच्या दिवाणखान्यातला एसी सुरू झाला की ओल्या पोत्यासारखा कुबट वास सुटायचा. दुसऱ्या दिवशी सुनेची मंगळागौर. बाई म्हणाल्या, "वास गेला नाही, तर हा काढूनच टाकते!" एसी भीतीनं घरघरू लागला.

"घाबरतोस काय, वेड्या? मी आहे ना!" धुपाटणं ऐटीत म्हणालं. त्यानं दिवसभर धूर सोडला, पण धुपात मिसळून कुबटपणा आणखीच नकोसा झाला.

एसी रडकुंडीला आला, तेव्हा ताम्हन हसलं. "अरे, देवालासुद्धा आधी स्नान, मग धूप. तुला कुणी कधी न्हाऊ घातलंय का?"

सकाळी त्याच ताम्हनात अन्नपूर्णेला न्हाऊ घालताना बाईंचा हात थबकला. "अगं बाई! या एसीची जाळी आपण कधी धुतलीच नाही!"

लगेच बटण बंद झालं. जाळी धुऊन वाळवली, आतली बुरशी पुसली, पाण्याची तुंबलेली नळी मोकळी केली.

संध्याकाळी फुगड्या रंगल्या. "काकू, किती छान वाटतंय हो इथे!" पोरी म्हणाल्या. एसीनं ऊर भरून गार झुळूक सोडली आणि धुपाटण्याला हाक मारली, "ये दादा, आता तुझी पाळी!" त्या झुळकेवर बसून धूप घरभर मिरवला.