आरशावर बांधलेला पंचा

एकदा एक गृहस्थ भर दुपारी आपल्याच अंगणात खोकत उभा होता, आणि त्याच्यासमोर त्याच्या वडिलांची जुनी मोटार मागून निळा धूर सोडत होती. गृहस्थाचे नाव मुकुंद. पेशाने कोर्टातला कारकून, पण हौस पान्या-पकडीची. म्हणून दोन वर्षांपासून तो सुटीच्या दिवशी गावातल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे इंजिनाचे काम शिकायला जात असे.

हौस असावी, माझी काही तक्रार नाही. परंतु या वेळी प्रकरण हौसेचे नव्हते. चार महिन्यांपूर्वी या शहाण्याने वडिलांना न विचारता ती मोटार घाटातून नेली, आणि निघताना इंजिनातले तेल पाहिले नाही. अर्ध्या चढावर इंजिन तापले, आत तेल अडवणाऱ्या रिंगा घासून निकामी झाल्या, मागून निळा धूर निघू लागला आणि मोटार ट्रकला बांधून घरी आणावी लागली. अण्णा, म्हणजे वडील, ओरडले असते तर बरे झाले असते. ते नुसते मोटारीभोवती एक फेरी मारून आत गेले आणि त्या दिवसापासून मुलाशी बोलेनासे झाले. पुढे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ते लेकीकडे राहायला गेले. मुकुंद तिथे रोज फोन करी, बहिणीमार्फत रोज क्षमा मागे, आणि अण्णा रोज झोपलेले असत.

ते रविवारी परत येणार होते. मुकुंदने मनाशी पक्के केले होते की स्टँडवरून त्यांना याच मोटारीतून घरी आणायचे. मोटार पूर्वीसारखी झालेली पाहिली की ते बोलतील, अशी त्याची आशा होती. त्यासाठी तो दीड महिना खपला. इंजिन उघडून एकेक भाग जुन्या चादरीवर ओळीने मांडला, सिलिंडर घासून घेतले, नव्या रिंगा चढवल्या. प्रत्येक टप्पा मिस्त्रींच्या नजरेखालून गेला होता. गुरुवारी संध्याकाळी इंजिन सुरू झाले, आणि धूर तसाच!

शुक्रवारी त्याने रजा टाकली. सकाळपासून तीसेक वेळा तरी इंजिन सुरू केले आणि बंद केले असेल. सुरू करायचे, धावत मागे जायचे, नळीपाशी पांढरा रुमाल धरायचा, तो काळवंडला की पुन्हा पुढे यायचे. शेजारच्या सुमतीकाकूंनी गच्चीवरचे पापड उचलले आणि जाता जाता "अजून तसंच का हो?" असे विचारून त्याचा जीव आणखी थोडा खाल्ला.

पत्नी म्हणाली, "अहो, दोन घास खाऊन घ्या. गाडी कुठं पळून जात नाहीये."

"तेच तर दुखणं आहे," तो म्हणाला.

दोन वाजता त्याचा धीर सुटला. आपले काहीतरी चुकले आहे, रिंगा उलट्या बसल्या असतील, किंवा एखादी तुटलीच असेल. पुन्हा सगळे उघडायचे. हाताशी दीड दिवस उरला होता. त्याने पहिल्या बोल्टला पाना लावला, एवढ्यात फाटकातून मिस्त्री आत आले.

त्यांनी काही न विचारता चारही प्लग काढले, उन्हात धरून पाहिले, त्यांच्यावरून फडके फिरवले आणि पुन्हा बसवले. मग मुकुंदच्या हातातला पाना काढून घेतला, पान्यांची सगळी पेटी उचलली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाले, "सूनबाई, ही तांदळाच्या डब्यामागं ठेवा. यानं मागितली तरी द्यायची नाही." परत येऊन खांद्यावरचा पंचा त्यांनी गाडीतल्या आरशावर घट्ट बांधला आणि शेजारच्या आसनावर जाऊन बसले.

"चल, धरणापर्यंत. मधे थांबायचं नाही."

"मिस्त्री, धूर येतोय! आणि आरसा का झाकलात?"

"मागचं मी बघतो. तू पुढचं बघ."

वीस किलोमीटरचा तो रस्ता मुकुंदला आयुष्यात सर्वांत लांब वाटला. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. प्रत्येक आवाजात त्याला काहीतरी तुटल्याचे ऐकू येई. चढाला एक मोटारसायकलवाला बाजूला आला आणि ओरडला, "काका, गाडी पेटलीय तुमची!" मुकुंदचा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक नव्हं," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "वेग दे. चढ आहे."

धरणाच्या भिंतीपाशी ते उतरले. मागच्या नळीतून अजूनही धूर येत होता, पण विरळ झाला होता. मुकुंद तिथेच खाली वाकून बघत राहिला.

मिस्त्री म्हणाले, "इंजिन कालच नीट झालंय. प्लग कोरडे आहेत, तेल वर चढतच नाही. हा जो धूर बघतोयस ना, ते घाटात वर आलेलं तेल आहे. सायलेन्सरात साचून बसलंय. इंजिन सुधारलं म्हणून ते काही एका दिवसात जात नाही. तापंल, जळंल, त्याच्या वेळेनं जाईल. आणि नव्या रिंगा ओझं घेऊन चाललं तरच जागेवर बसतात. अंगणात उभी करून नुसती तपासत राहिलास तर जन्मात बसायच्या नाहीत. आज उघडली असतीस तर झालेलं काम तूच मोडलं असतंस. धूर दिसला की तुझा हात पान्याकडं जातो, म्हणून आरसा झाकला."

मुकुंद उठून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "पण परवा अण्णांना धूर दिसला तर? ते काय म्हणतील?"

"म्हणतील काहीतरी. म्हणू दे की. क्षमा मागितलीस ना?"

"रोज मागतो."

"एकदा मनापासून मागितलीस, तिथं काम झालं. रोज मागून तू त्यांनाही रोज त्या घाटात नेतोस. आता ते उघडू नकोस."

रविवारी अण्णा बसमधून उतरले. मोटार पाहिली, सरळ मागे गेले आणि मुकुंदने गाडी सुरू करताना निघालेली धुराची पातळ रेघ त्यांनी नव्या डोळ्याने नीट पाहून घेतली. मुकुंदच्या जिभेवर क्षमा तयारच होती. ती त्याने गिळली. अण्णा पुढे बसले आणि समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "तेल पाहिलंस?"

"पाहिलं."

घरापर्यंत आणखी एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी डोळ्याच्या तपासणीला निघताना तेच, "तेल पाहिलंस?" आणि तोच उलटतपासणीचा सूर. तिसऱ्या दिवशी तेच. ते विचारीत तेव्हा दरवेळी मुकुंदला लागे, दरवेळी सगळे पुन्हा समजावून सांगावेसे वाटे. तो "पाहिलं" म्हणे आणि गाडी काढी. बाजारात, दवाखान्यात, अण्णांच्या मित्रांकडे, जिथे म्हणतील तिथे तो त्यांना नेत राहिला.

तीनेक आठवडे गेले असतील. एका सकाळी अण्णा गाडीत बसले आणि दार ओढून घेता घेताच लेकीकडच्या डोळ्यांच्या डॉक्टरची नक्कल करू लागले. तो गृहस्थ म्हणे प्रत्येक थेंब टाकताना 'बघा, काही होत नाही' म्हणायचा आणि स्वतःच डोळे मिटून घ्यायचा. अण्णा हसले, मुकुंदही हसला. पुलापाशी आल्यावर त्याच्या ध्यानात आले की आज तेलाचे कुणी विचारलेच नाही. गाडी बाजूला घ्यावी आणि काहीतरी बोलावे असे त्याला फार वाटले. तो बोलला नाही, गाडी चालवत राहिला, आणि अण्णा पुढची हकिगत सांगत राहिले.