बिनदाराचं संग्रहालय

हिंगणमाळला शेतीच्या जुन्या अवजारांचं संग्रहालय आहे. गावकरीच पाळीपाळीने ते सांभाळतात. त्याला दगडी उंबरा आहे, सागवानी चौकट आहे, पण दार नाही. का नाही, ते गावातले जुने लोक असे सांगतात.

भागवततात्या लोमटे गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाले आणि घरोघर फिरून त्यांनी अवजारं गोळा केली. लोकांनी हौसेने दिली. मात्र दिलेली वस्तू आता आपली राहिली नाही, हे कुणाच्या डोक्यात शिरेना. कुणी विळा कडबा तोडायला न्यायचं, कुणी सूप लग्नाला. तात्यांच्या चुलत बहीण गोदाक्का. त्यांनी तर स्वतःचा कुळव एका आठवड्यात तीनदा नेला म्हणे, आणि तिन्ही वेळा चिखलासकट आणून टेकवला. तात्या धुवायचे, तेल लावायचे, नावाची पाटी लिहायचे. दुसऱ्या दिवशी पाटी जागेवर, वस्तू गायब.

शेवटी वैतागून तात्यांनी बाभळीचं जाड दार बसवलं, कुलूप घातलं आणि देवळात जाऊन शपथ घेतली, "माझ्या हयातीत या दारातून एकही अवजार बाहेर जाणार नाही."

त्याच वर्षी परतीचा पाऊस लांबला. काळ्या रानात ट्रॅक्टर निम्म्या चाकापर्यंत रुतले. ज्वारी पेरायला मोजके दिवस उरले. गावात बैलांच्या चार जोड्या होत्या, पण पेरायच्या पाभरी सगळ्या कुलपाआड. माणसं दारासमोर येऊन बसली. मागायचं धाडस कुणाला होईना.

गोदाक्का म्हणाल्या, "तात्या, तुझ्या वस्तू जाग्यावर हायेत, बरं झालं. आता औंदा गावानं खायचं काय, त्याची बी एक पाटी लिही."

तात्यांना भलताच राग आला, असे सांगतात. राग अक्काचा होता, की तिचं खरं होतं याचा, ते त्यांनाच ठाऊक.

"देवापुढची शपथ हाय, मोडायची न्हाई," ते म्हणाले. "पहार आणा. दारच काढून टाका."

तीन दिवसांत शिवार पेरून झालं. बी झाकायला फळी मिळेना, तेव्हा तेच दार बैलांमागे बांधून रानभर फिरवलं म्हणे. चौथ्या दिवशी पाभरी परत आल्या, चिखलाने लडबडलेल्या. तात्यांनी बादली घेतली आणि एकेकाच्या नावाने कुरकुरत दिवसभर त्या धुतल्या. दार पुन्हा बसवायचं नाव मात्र त्यांनी काढलं नाही.

आजही ज्वारीच्या पेरणीत लांबून पाहुणे येतात, तेव्हा आत नुसत्या रिकाम्या खुंट्या असतात. ज्याची पाळी असेल तो कपाळावर हात मारतो आणि शिवाराकडे बोट दाखवतो, "तिकडं बघा. चालू हाय."