घरगाडीचा ब्रेक गप्प का होता

महामार्ग नवाकोरा होता तेव्हाची गोष्ट. एका घरगाडीत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी असा अख्खा संसार भरला होता. शेजारून एक रिकामी मोटार सुसाट गेली, तसं घरगाडीचं इंजिन चेकाळलं. "आपणही शंभरनं जाऊ!"

मागच्या जुन्या चाकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. "इंजिनदादा, तिच्या पाठीवर संसार नव्हता. ब्रेकला विचारलंस?"

"त्याला काय विचारायचं? तो थांबवणारच."

"मग तो सकाळपासून गप्प का?"

इंजिनानं घुश्शातच विचारलं, "काय रे, शंभरवर असताना थांबवशील ना?"

ब्रेक म्हणाला, "थांबवीन की. फक्त कुठे, ते विचारू नकोस."

पुढे घाटाचा उतार दिसू लागला. वेगाचा काटा मुकाट्यानं साठावर आला.